थर्ड पार्टी कार विमा: पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्यांसाठी

जुन्या गाडीचा व्यवहार ठरतो, आरसी बुकावर नाव चढवण्याचे कागद तयार होतात आणि मग एजंट सहज विचारतो, "इन्शुरन्स फुल करायचा की नुसता थर्ड पार्टी?" पहिल्यांदाच गाडी घेणारा माणूस बहुधा आधी रक्कम विचारतो, दोन्हींतला फरक काही हजारांचा आहे हे ऐकतो आणि "सध्या थर्ड पार्टीच करा, पोलिसांनी अडवलं तर दाखवायला कागद हवा, एवढंच" असे सांगून मोकळा होतो. निवड म्हणून यात काही चूक नाही, कारण पुष्कळ जुन्या गाड्यांना थर्ड पार्टी पुरेसा असतो. चूक आहे ती समजुतीत. हा कागद पोलिसांसाठी आहे असे मानणारा माणूस तो कधी वाचत नाही, आणि न वाचलेल्या कागदात नेमके काय आहे व काय नाही, हे त्याला अपघातानंतर पोलीस ठाण्याच्या बाकावर बसल्यावर कळते. तो कागद आधीच कसा वाचावा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. सर्व माहिती भारतातील खासगी कारपुरती आहे.

पायरी पहिली: हा तिसरा कोण, ते ओळखा

विमा हा करार असतो. त्यातला पहिला पक्ष गाडीचा मालक, म्हणजे तुम्ही, आणि दुसरा पक्ष विमा कंपनी. या करारावर ज्याची सही नाही, पण तुमच्या गाडीमुळे ज्याला इजा होऊ शकते किंवा ज्याच्या वस्तूचे नुकसान होऊ शकते, तो तिसरा. रस्ता ओलांडणारे आजोबा, सायकलवरचा मुलगा, समोरची रिक्षा आणि तिच्यातले प्रवासी, कोपऱ्यावरच्या दुकानाचे शटर, महापालिकेचा दिव्याचा खांब, हे सगळे तिसरे. तुमच्या गाडीमुळे त्यांचे नुकसान झाले आणि कायद्याने भरपाईची जबाबदारी तुमच्यावर आली, तर ती भरपाई तुमच्या वतीने विमा कंपनी देते. थर्ड पार्टी विम्यात एवढेच असते. बोलताना लोक संपूर्ण विम्याला "फर्स्ट पार्टी" म्हणतात आणि त्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ वाढतो. विमा क्षेत्रात त्याला पॅकेज किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी म्हणतात, आणि तिच्यात थर्ड पार्टीचा भाग आधीच धरलेला असतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार हा विमा असल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विमा नसल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुढच्या वेळी दंड ४,००० रुपये, अशी तरतूद आहे. दंडाचा आकडा लहान असल्याने अनेकांना हा विषयही लहान वाटतो. खरा आकडा पुढे आहे.

पायरी दुसरी: यात काय मिळते, ते दोन भागांत समजून घ्या

पहिला भाग माणसांचा. तिसऱ्या व्यक्तीचा मृत्यू झाला किंवा तिला दुखापत झाली, तर कंपनीने किती रक्कम द्यायची याचा आकडा पॉलिसीत शोधून सापडत नाही. तेथे साधारणपणे "मोटार वाहन कायदा, १९८८ च्या आवश्यकतेनुसार लागेल ती रक्कम" अशा अर्थाचे वाक्य असते. म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील, ती. ही रक्कम कशी वाढत जाते, हे एका हिशेबावरून लक्षात येईल.

समजा, अपघातात ३४ वर्षांचा एक सुतार मरण पावला. तो स्वतःचे काम करून महिन्याला २५,००० रुपये मिळवत होता आणि घरी पत्नी, दोन मुले व आई असे चौघे त्याच्यावर अवलंबून होते. वर्षाचे उत्पन्न झाले ३,००,००० रुपये. तो जगला असता तर त्याची कमाई वाढत गेली असती, म्हणून स्वतःचा व्यवसाय असलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात ४० टक्के भर धरली जाते. त्यामुळे आकडा ४,२०,००० रुपयांवर जातो. तो स्वतःवर जे खर्च करत असे, त्यापोटी एक चतुर्थांश वजा केल्यावर ३,१५,००० रुपये उरतात. या रकमेला मृताच्या वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात. या वयोगटासाठी गुणक १६ आहे, म्हणून ३,१५,००० गुणिले १६, म्हणजे ५०,४०,००० रुपये. अंत्यविधीचा खर्च आणि पती-पित्याचे छत्र हरपल्याची भरपाई यांसारख्या रकमा त्यावर वेगळ्या, आणि न्यायाधिकरण लावील ते व्याजही वेगळे. हे गणित मनाचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ मधील दोन निकालांनी ते ठरवून दिले असून देशभरातील न्यायाधिकरणे साधारण याच पद्धतीने हिशेब करतात. विमा नसेल तर हे पन्नास लाख गाडीच्या मालकाने द्यायचे असतात, आणि वसुली त्याच्या मालमत्तेतून होऊ शकते.

दुसरा भाग वस्तूंचा. तिसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास खासगी कारच्या पॉलिसीत ७,५०,००० रुपयांपर्यंत संरक्षण असते. येथे एक खाच आहे. हप्त्यात थोडी सूट घेऊन ही मर्यादा ७,५०,००० वरून थेट ६,००० रुपयांवर आणण्याचा पर्याय पॉलिसीत असू शकतो. ऑनलाइन अर्ज भरताना अशा पर्यायाची चौकट दिसली तर ती रिकामीच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आजकाल समोरच्या गाडीचा एक हेडलाइटसुद्धा सहा हजारांत येईलच असे नाही.

पायरी तिसरी: यात काय नाही, ते आधीच मान्य करा

तुमची गाडी यात नाही. ती ठोकली गेली, चोरीला गेली, जळाली, तिच्यावर झाड पडले किंवा ती पाण्यात बुडाली, तरी थर्ड पार्टी पॉलिसीतून एक रुपयाही मिळत नाही. २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडे दारात उभ्या असलेल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यांपैकी ज्यांचा नुसता थर्ड पार्टी विमा होता, त्यांच्या मालकांना मागण्यासारखे काही नव्हते, कारण तो धोका करारातच नव्हता. गाडीची आजची किंमत किती आणि ती उद्या नाहीशी झाली तर आपल्याला झेपेल का, या दोन प्रश्नांच्या उत्तरावर "फुल की थर्ड पार्टी" हा निर्णय घ्यावा. दीड-दोन लाखांची बारा वर्षे जुनी गाडी असेल तर थर्ड पार्टी घेणे शहाणपणाचे ठरू शकते. कर्ज काढून घेतलेल्या नव्या गाडीला तसे करणे मला धाडसाचे वाटते, आणि कर्ज देणारी बँकही बहुधा ते चालवून घेत नाही.

तुम्ही स्वतःही यात नाही. मालक स्वतः गाडी चालवत असताना मरण पावला किंवा कायमचा अपंग झाला, तर तो तिसरा पक्ष ठरत नाही. त्यासाठी मालक-चालकाचे वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळे असते. त्याची रक्कम १५ लाख रुपये असून पॉलिसीवर ते बहुधा सीपीए किंवा पीए ओनर-ड्रायव्हर या नावाने दिसते. मृत्यू, कायमचे संपूर्ण अपंगत्व किंवा दोन अवयव गमावल्यास पूर्ण रक्कम मिळते, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गमावल्यास निम्मी. हे संरक्षण घेणे बंधनकारक आहे. मात्र तुमच्या दुसऱ्या वाहनावर ते आधीच असेल किंवा १५ लाखांची वैयक्तिक अपघात पॉलिसी तुमच्याकडे वेगळी असेल, तर पुन्हा घ्यावे लागत नाही. या संरक्षणासाठी मालकाकडे वैध वाहन परवाना हवा. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर हे संरक्षण लागू होत नाही.

आता सर्वांत दुर्लक्षित मुद्दा, तुमच्या गाडीत बसलेली माणसे. मागच्या सीटवर बसलेले मामा, मित्र, शेजारच्या काकू हे "तिसरे" आहेत असे कोणालाही वाटेल. पण नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत, भाडे न देता खासगी वाहनावरून जाणारी व्यक्ती कायद्याने अपेक्षित असलेला तिसरा पक्ष ठरत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या निकालात घेतली. पुढे २०१२ च्या निकालात त्याच न्यायालयाने, पॅकेज पॉलिसी असेल तर खासगी कारमधल्या प्रवाशांना संरक्षण आहे, असे स्पष्ट केले. म्हणजे घरच्यांना घेऊन पुण्याहून कोकणात उतरणाऱ्या माणसाने नुसती थर्ड पार्टी काढली असेल, तर रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला संरक्षण आहे आणि शेजारी बसलेल्या बहिणीला नाही. यावर उपाय आहे. थोडा जादा हप्ता भरून बसलेल्या प्रवाशांसाठी वैयक्तिक अपघात संरक्षण घेता येते. ते आसनसंख्येनुसार असते आणि त्यात कोणाचे नाव लिहावे लागत नाही. कंपनीकडे ते नाव घेऊन मागावे, कारण एजंट आपणहून सांगतोच असे नाही. पगारी ड्रायव्हर ठेवला असेल, तर त्याच्याप्रति असलेल्या कायदेशीर जबाबदारीचे संरक्षणही असेच मागून घ्यावे. त्याचा हप्ता नगण्य असतो.

तुमची स्वतःची इतर मालमत्ताही यात येत नाही. गाडी मागे घेताना स्वतःच्याच फाटकाला धडकवली तर फाटकाचा खर्च तुमचाच.

पायरी चौथी: हप्ता किती, ते स्वतः पाहा

थर्ड पार्टीचा मूळ हप्ता कंपन्या ठरवत नाहीत. तो केंद्र सरकार विमा नियामकाशी विचारविनिमय करून अधिसूचनेने जाहीर करते, म्हणून तो सर्व कंपन्यांचा सारखाच असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकानुसार खासगी कारसाठी वर्षाचा दर असा आहे: इंजिन १००० सीसीपर्यंत असल्यास २,०९४ रुपये, १००० च्या वर आणि १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये, त्यापुढे ७,८९७ रुपये. इलेक्ट्रिक कारला इंजिन नसल्याने तिचा दर किलोवॉटवर ठरतो: ३० किलोवॉटपर्यंत १,७८० रुपये, ६५ पर्यंत २,९०४ रुपये आणि त्यापुढे ६,७१२ रुपये. यावर १८ टक्के जीएसटी लागतो. अधिसूचना बदलली की आकडेही बदलतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशीचा दर एकदा पाहून घ्यावा.

११९७ सीसीची हॅचबॅक घेतली, तर मूळ हप्ता ३,४१६ रुपये आणि त्यावरचा कर धरून ४,०३१ रुपये होतात. एजंटाने साडेपाच हजार सांगितले तर वरचे दीड हजार कशाचे, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. मालक-चालक संरक्षण, प्रवाशांचे संरक्षण, सीएनजी किटचा हप्ता अशी उत्तरे असू शकतात आणि ती रास्तही असतात. मात्र ती पॉलिसीवर वेगवेगळ्या ओळींत लिहिलेली असली पाहिजेत. उलट कोणी "थर्ड पार्टीत तीस टक्के डिस्काउंट देतो" म्हणाला, तर तेथे थांबावे. ज्या हप्त्यावर कंपनीलाच सूट देता येत नाही, त्यावर दलाल सूट कोठून देणार? बनावट पॉलिसीचा धंदा बरेचदा याच आमिषावर चालतो. दावे न केल्याबद्दल मिळणारी नो क्लेम बोनसची सवलतही फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाला लागते, थर्ड पार्टीला नाही.

पॉलिसी कोठून घ्यावी, याला फार महत्त्व नाही. सरकारी कंपन्यांपैकी न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल किंवा युनायटेड इंडिया असो, नाहीतर खासगी कंपनी असो, थर्ड पार्टीचे मूळ संरक्षण तेच आहे. पैसे मात्र थेट कंपनीच्या खात्यात जातील असे पाहावे, कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर देऊ नयेत. विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४ व्हीबी नुसार हप्ता मिळाल्याशिवाय कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही.

पायरी पाचवी: पॉलिसी हातात आल्यावर आरसी शेजारी ठेवून वाचा

या पायरीला दहा मिनिटे लागतात आणि ती जवळजवळ कोणीच करत नाही. मीही केली नव्हती. माझ्या पहिल्या जुन्या गाडीच्या पॉलिसीवर चेसिस क्रमांकात आठाच्या जागी तीन पडला होता. तो आठ महिन्यांनी, नूतनीकरणाच्या वेळी, दुसऱ्या एका एजंटाच्या लक्षात आला. त्या आठ महिन्यांत अपघात झाला नाही, हा केवळ योग. झाला असता, तर विमा याच गाडीचा आहे हे सिद्ध करण्याची उठाठेव माझ्या मागे लागली असती.

म्हणून जेवणाच्या टेबलावर एका बाजूला आरसी आणि दुसऱ्या बाजूला पॉलिसी ठेवावी आणि पेन्सिलने एकेक नोंद टिंबवत जावे. नोंदणी क्रमांक. चेसिस क्रमांक, अक्षर न् अक्षर. इंजिन क्रमांक. मालकाचे नाव आरसीवर आहे तसेच. इंधन: गाडीला नंतर सीएनजी किट बसवले असेल, तर ते आरसीवर चढलेले हवे आणि पॉलिसीवरही दिसायला हवे. क्युबिक कपॅसिटी, म्हणजे इंजिनाचे सीसी, कारण हप्ता तिच्यावर ठरतो. आसनसंख्या. त्यानंतर विम्याचा कालावधी, तारखेसह आणि वेळेसह. जुनी पॉलिसी काल मध्यरात्री संपली आणि नवी आज दुपारी काढली, तर मधल्या वेळात गाडीला विमा नव्हता. त्या तासांत झालेला अपघात नव्या पॉलिसीत येत नाही. नो क्लेम बोनस टिकवण्यासाठी पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांची सवलत असते, तशी येथेही असेल या समजुतीत राहू नये. थर्ड पार्टीला एका दिवसाचीही सवलत नाही.

शेवटी मालमत्ता नुकसानीची मर्यादा ७,५०,००० आहे की ६,०००, हे पाहावे आणि मालक-चालक संरक्षणात वारसदाराचे नाव आहे का, तेही पाहावे. काही दिवसांनी सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकून विम्याची नोंद तेथे दिसते का, याची खात्री करावी. दिसली नाही तर पॉलिसीवरचा क्रमांक घेऊन थेट कंपनीकडे चौकशी करावी. पॉलिसी बनावट असेल तर ती बहुधा येथेच उघडी पडते. तीच पॉलिसी डिजिलॉकरमध्येही ठेवावी.

पायरी सहावी: कशाने संरक्षण हातचे जाते

पॉलिसीत "चालक" आणि "वापराची मर्यादा" अशी दोन कलमे असतात. ती बारीक अक्षरांत असली तरी सगळा जीव त्यांच्यात आहे. गाडी चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचा वैध परवाना असला पाहिजे. शिकाऊ परवाना चालतो, पण शेजारी पक्का परवानाधारक बसलेला आणि गाडीला पुढे-मागे "एल" लावलेला असेल तरच. सोसायटीच्या आवाराबाहेर "एक चक्कर मारून येतो" म्हणणाऱ्या सतरा वर्षांच्या भाच्याला किल्ली देणे म्हणजे या कलमाचा सरळ भंग. वापराच्या बाबतीत, खासगी गाडी भाड्याने प्रवासी नेण्यासाठी वापरता येत नाही. गणपतीत गावी जाताना तीन अनोळखी माणसांना सीटमागे पाचशे रुपये घेऊन बसवणे हे याच निषेधात मोडते. शर्यती आणि वेगाच्या चाचण्याही वर्ज्य. दारू पिऊन गाडी चालवणे हे कंपनीला बचावासाठी वापरता येईल असे कारण म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातच घातले आहे.

अशा वेळी काय होते? नवख्या माणसाला वाटते की कंपनी हात झटकते आणि जखमी माणूस रिकाम्या हाताने घरी जातो. बरेचदा तसे होत नाही. अनेक प्रकरणांत न्यायाधिकरण कंपनीला आधी पीडिताला पैसे द्यायला लावते आणि नंतर तेच पैसे गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. पीडिताच्या दृष्टीने हे न्याय्य आहे, पण मालकाच्या दृष्टीने मघाचे ५०,४०,००० रुपये व्याजासह परत त्याच्याच दारात येतात. भाचा चालवत होता, मी गाडीत नव्हतो, ही सबब चालत नाही.

पायरी सातवी: गाडी जुनी असेल, तर नाव बदलून घ्या

मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार गाडीची मालकी बदलली की विमा प्रमाणपत्रही नव्या मालकाकडे गेले असे मानले जाते, आणि नव्या मालकाने १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवून पॉलिसीवर आपले नाव घ्यायचे असते. यामुळे तिसऱ्या व्यक्तीचा हक्क शाबूत राहतो. मालक-चालक संरक्षण मात्र ज्याच्या नावाने घेतले त्याचेच असते, म्हणून नाव बदलल्याशिवाय स्वतःला १५ लाख आहेत असे धरू नये.

गाडी विकणाऱ्याने तर अधिक दक्ष राहावे. मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून किल्ली दिली म्हणजे आपण सुटलो, असे तो मानतो. आरटीओच्या नोंदीत नाव बदलेपर्यंत भरपाईच्या दृष्टीने नोंदणीकृत मालक हाच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. गाडी तीन हातांतून गेली आणि चौथ्याने अपघात केला, तरी समन्स पहिल्याच्या पत्त्यावर येऊ शकते. म्हणून सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नाव बदललेले दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नये, आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ लिहिलेली, दोघांच्या सह्यांची पावती जपून ठेवावी.

पायरी आठवी: अपघात झालाच तर

प्रथम जखमीला रुग्णालयात न्यावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार हे चालकाचे कर्तव्यच आहे. रस्ता अपघातातील जखमींसाठी मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. तिच्यात ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार होतात, म्हणून रुग्णालयात तिची चौकशी करावी. त्यानंतर पोलिसांना कळवावे आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे: पॉलिसी क्रमांक, अपघाताची तारीख, वेळ व ठिकाण, जखमींचा तपशील, चालकाचे नाव आणि परवाना क्रमांक. "माझ्या गाडीला तर काही झालं नाही, कंपनीला कशाला सांगू?" हा विचार येथे घातक ठरतो, कारण दावा तुमच्या गाडीचा नसून समोरच्या माणसाचा असणार आहे आणि तो काही महिन्यांनीही येऊ शकतो.

आपल्याकडे चौकातच मिटवून टाकण्याची रीत आहे. बंपरला पडलेल्या पोच्यासाठी दोन हजार देऊन दोघेही मार्गी लागले, तर त्यात वावगे काही नाही. किरकोळ नुकसानीसाठी न्यायाधिकरणापर्यंत कोणी जात नाही. परंतु माणसाला लागले असेल, तर चिठ्ठीवर "चूक माझी होती, सर्व खर्च मी देईन" असे लिहून देऊ नये. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली, वचन किंवा तडजोड करू नये, ही प्रमाणित पॉलिसीतील अट आहे. माणुसकी म्हणून औषधपाण्याचा खर्च करणे वेगळे आणि जबाबदारी लिहून देणे वेगळे.

यानंतरचे काम पोलिसांचे. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार त्यांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा असतो. या काळात आरसी, परवाना आणि पॉलिसीच्या प्रती मागितल्या की लगेच द्याव्यात. न्यायाधिकरणाची नोटीस आली तर ती त्याच दिवशी कंपनीकडे पाठवावी आणि पाठवल्याची पोच घ्यावी.

तुम्हीच तो "तिसरा" असाल, तर दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. कलम १६६ खालील अर्ज अपघात झाला तेथे, तुम्ही राहता तेथे किंवा प्रतिवादी राहतो तेथे करता येतो, आणि त्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे. चूक कोणाची हे सिद्ध करत बसायचे नसेल, तर कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख रुपयांची ठरावीक भरपाई मागता येते. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये देणारी वेगळी योजना आहे.

पायरी नववी: दोन तारखा वेगळ्या लिहून ठेवा

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र एक वर्षाचाही असू शकतो. त्यामुळे शोरूममधून मिळालेल्या एकाच कागदावर संपण्याच्या दोन वेगवेगळ्या तारखा असतात. पहिल्या वर्षाअखेर नूतनीकरणाचा फोन येतो, तेव्हा फक्त स्वतःच्या नुकसानीचा भाग नवा करायचा असतो. त्या वेळी पुन्हा पॅकेज पॉलिसी गळ्यात मारून घेतली, तर थर्ड पार्टीचे पैसे दुसऱ्यांदा जातात. याच्या उलट चूक तिसऱ्या वर्षानंतर होते. दरवर्षी "इन्शुरन्स भरला" या समाधानात असलेला मालक फक्त स्वतःच्या नुकसानीचा भाग भरत राहतो आणि थर्ड पार्टी कधी संपली हे त्याच्या ध्यानात येत नाही. आरसीच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला दोन्ही तारखा पेनाने लिहून ठेवाव्यात, आणि थर्ड पार्टीच्या तारखेच्या पंधरा दिवस आधीचा गजर मोबाइलवर आजच लावून ठेवावा.